लांबी मोजून माशाचं वय ठरवू नका

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री महोदय,

किनाऱ्यालगतच्या चपट्या माशांसाठी, म्हणजे लेपाच्या जातकुळीतल्या मासळीसाठी, पकडण्याची किमान लांबी ठरवताना नुसत्या मोजपट्टीवर भिस्त ठेवू नका. आधी त्या माशांचं वय नीट वाचून घ्या.

एकाच लांबीचे नर आणि मादी एकाच वयाचे असतील असं नाही. बहुतेक चपट्या जातींत मादी जास्त वाढते. नर लवकर वयात येतो आणि मग त्याची वाढ मंदावते. दोघांचे आकडे एकत्र केले की निघणारी सरासरी ना नराची, ना मादीची. तिच्यावर बेतलेल्या नियमामुळे कित्येक माद्या एकदाही अंडी न घालता जाळ्यात जातील, ही माझी खरी काळजी आहे.

वय कळतं ते कानातल्या खड्यावरून, ऑटोलिथवरून; त्यावरची वलयं मोजायची. 1899 मध्ये रायबिश या संशोधकांनी प्लेस या चपट्या माशाचंच वय असं काढलं होतं. पण खडा अख्खा ठेवून वरून पाहिला तर तरुण माशाचं वय बरोबर येतं आणि म्हाताऱ्याचं हमखास कमी येतं. उतारवयात खडा पसरत नाही, जाड होतो, आणि नवी वलयं एकमेकांना खेटून दाटतात. तोच खडा गाभ्यातून मोडून, हलका भाजून, तुटलेल्या कडेवर तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. वलयांच्या तपकिरी रेषा एकेक करून उठून दिसतात. पॅसिफिक हॅलिबट या चपट्या माशासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 2002 पासून हीच पद्धत धरली. त्या जातीत 55 वर्षांचे मासे नोंदले गेले आहेत!

वय कमी वाचलं की मासा भराभर वाढतो आणि भराभर मरतो असं कागदावर दिसतं. मग जास्त पकडला तरी चालेल, असा निष्कर्ष निघतो. साठा खचतो तो इथे.

शिवाय एक वलय म्हणजे एक वर्ष, हे प्रत्येक जातीत तपासावं लागतं. उष्ण पाण्यात तर नक्कीच. त्यासाठी खड्याची कडा महिन्यागणिक कशी बदलते ते पाहायला हवं. म्हणून नमुने बारा महिने गोळा व्हावेत, प्रत्येक माशाचं लिंग नोंदलं जावं, आणि दोन जणांनी लांबी न पाहता स्वतंत्रपणे वाचन करावं. वाचून झालेले खडे जपून ठेवायची तरतूदही याच अंदाजपत्रकात करा. हे होईपर्यंत किमान लांबीची अधिसूचना काढू नये, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक मत्स्य अभ्यासक