रविवारच्या खाडीफेरीबद्दल आठवण

मंडळी, रविवारी सकाळी पावणेसातला गायमुख जेट्टीवर हजर राहा. सातला बोट सुटणार म्हणजे सुटणार, भरती आपल्यासाठी थांबत नाही. गेल्या खेपेला अर्धा तास उशीर झाला आणि परतताना ओहोटीच्या गाळात रुतून बसलो, आठवतंय ना?

लोणावळ्याजवळ उगम पावणारी उल्हास नदी कल्याणवरून येऊन या खाडीला मिळते. काठावरचा काळा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातले पांढरे ठिपके जवळून बघा: लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या, त्यांत नंतर खनिजं साठली. भिंग असेल तर आणा. दगड फोडून घरी न्यायचा नाही, हे दरवेळी सांगावं लागतं!

पुढे घोडबंदरचा किल्ला. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई. वसई लांबूनच दिसेल, उतरणार नाही.

टोपी, पाणी आणि कोरडा खाऊ सोबत ठेवा. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. बोट लहान आहे, त्यामुळे येणं रद्द असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. प्रतीक्षेत बरेच जण आहेत.