माजघराच्या भिंतींचं ठरवून टाकलंय

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, आधी सांगून टाकते, मग रागवा. माजघरातलं सिमेंट काढायचं ठरलंय, गवंड्यांना विसारही दिलाय. विचारलं असतं तर "आम्ही आहोत तोवर चालेल" म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. तुम्ही सिमेंट लावलंत त्यात तुमचं काही चुकलं नाही, तेव्हा सगळेच लावत होते. पण आपला जांभा दगड जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्यातून ती सुटते, सिमेंट तिला कोंडतं. मग ती आणखी वर चढते आणि लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारं मीठ, पापुद्रे काढतो. आई, तुझ्या खाटेमागची भिंत ठोकून बघ, पोकळ वाजेल. त्या ओलीत तुझा खोकला कसा थांबणार?

काम दिवाळीनंतर. ते संपेपर्यंत तुमची खाट, देव, टीव्ही पडवीच्या खोलीत. बंब आहे तिथेच राहील, आंघोळीची आबाळ होणार नाही. धूळ उडेल तेव्हा बाबांनी बाहेर खळ्यात, अंगणात बसायचं.

ओलीच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत गिलावा काढायचा, सांधे पाऊण इंच खरवडायचे. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडायचा, पाणी मारलं तर विरघळून पुन्हा आत जातो. मग भिंत महिनाभर उघडी ठेवायची. वाईट दिसेल, पण घाई नको.

चुनकळी, म्हणजे न विझवलेल्या चुन्याचे खडे, लोखंडी पिंपातल्या पाण्यात थोडी थोडी सोडायची, प्लॅस्टिकचं पिंप उष्णतेने मऊ पडतं. कळीवर पाणी ओतायचं नाही, उसळून डोळ्यांत जातं. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाने तिथे उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत! विझलेला चुना गाळून निदान १५ दिवस पाण्याखाली ठेवायचा. न विझलेला खडा राहिला तर तो गिलाव्यात फुगतो आणि वाटाण्याएवढी खपली उडवतो. एक भाग चुन्याला तीन भाग वाळू, तीही नदीची. खाडीची आली तर ट्रक परत पाठवा, नाहीतर आपणच भिंतीत मीठ भरल्यासारखं होईल. २५० चौरस फुटांना पाव ब्रास, म्हणजे २५ घनफूट वाळू पुरेल. थर दोन, १०-१० मिलिमीटरचे. प्रत्येकावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हलका फवारा, भरभर सुकला तर तडे जातात. वर पातळ चुन्याचे चार हात. प्लॅस्टिक पेंट अजिबात नको.

दारांच्या जुन्या ऑइल पेंटात शिसं असू शकतं, म्हणून रंग आहे तोवर ओलंच घासायचं. लाकूड दिसलं की सुकवून १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषेच्या दिशेने. सुतार चपडीचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा आग्रह धरेल. चमकते छान, पण आपल्याकडच्या पावसात पांढरी पडते. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं लावून पंधरा मिनिटांनी पुसायचं, दोन दिवसांनी पुढचा हात, असे तीन. तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. खळ्यात पसरून वाळवा.

आई, ज्या फणसाच्या खांबाला टेकून तू माझ्या वेण्या घालायचीस, तो जास्त घासू देऊ नकोस. तिथे तेल आधीच मुरलंय, एक हात कमी लागेल.

वाळू उतरेल त्या दिवशी मला यायला जमणार नाही, बाबा, तेवढी तुम्हीच बघून घ्या. आणि आई, गवंड्यांना चहा दे, पण त्यांच्या जोडीने चार वेळा साखरेचा पिऊ नकोस.

तुमची,
मनू