सहाचाकी की दहाचाकी?

वाडी, नागपूर

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन आला तेव्हा मी वजनकाट्यावर होतो, मागे हॉर्नचा गोंगाट, म्हणून धड बोलता आलं नाही. तू घ्यायच्या म्हणतोस त्या दहाचाकी ट्रकचं कोटेशन तुझ्या आईने मोबाइलवर दाखवलं. गाडी देखणी आहे, त्यात वाद नाही.

पण हिशेब तू भाड्याच्या बाजूनेच केलास. दहाचाकीचं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून परवानगीचं वजन, 28.5 टन, सहाचाकीचं 18.5. गाडीचं स्वतःचं वजन आणि बॉडी वजा केली की एकीत अठरा-एकोणीस टन माल बसतो, दुसरीत अकरा-बारा. टनावर भाडं धरलं की दहाचाकीच जिंकणार. आपला माल मात्र काटोल-नरखेडचा संत्रा. तोडणाऱ्या टोळीने दिवसभरात जेवढा तोडला तेवढाच गाडीत चढतो, आणि तो रात्रीतून नागपूरच्या कळमना बाजारात पोचला पाहिजे. अर्धी गाडी भरून थांबलो तर खालचा माल दबतो.

दुसरं म्हणजे रस्ता. काटोलपर्यंत डांबर आहे, पुढचे दोन-तीन किलोमीटर काळ्या मातीची पांदण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या संत्र्याची, तोड नेमकी परतीच्या पावसाच्या सुमारास सुरू होते. मी दुसऱ्याची दहाचाकी चालवायचो तेव्हा अशाच एका पांदणीत मागची चाकं रुतली. ट्रॅक्टर मिळेपर्यंत रात्रीचे दोन वाजले. मालक फोनवर शिव्या घालत होता आणि आम्ही चाकाखाली कपाशीच्या वाळक्या पराट्या कोंबत होतो. तेव्हा कळलं, चाकं दहा असली तरी साध्या दहाचाकीत इंजिनाचा जोर एकाच एक्सलला, म्हणजे चारच चाकांना मिळतो. तिसरा एक्सल नुसता वजन वाहतो. चिखलात तो भार आपल्याकडे ओढून घेतो आणि जोराची चाकं जागच्या जागी गरगरतात. सहाचाकीतही ओढणारी चाकं चारच, पण मागचा सगळा भार त्यांच्यावरच, म्हणून पकड बरी. शिवाय ती आखूड असते, बांधाजवळ वळते. टिपरमध्ये, म्हणजे मागचा हौदा उचलून माल ओतणाऱ्या ट्रकमध्ये, मागच्या दोन्ही एक्सलना जोर असतो, म्हणून उमरेडच्या खाणीकडे तो दिसतो. संत्र्याला टिपर कोण लावेल!

समृद्धी महामार्गाने मुंबईची नेहमीची फेरी मिळणार असेल तर दहाचाकीच घे, मी अडवणार नाही. 701 किलोमीटरवर सहाचाकीचं डिझेल टनामागे महाग पडतं. ते भाडं कोणी लिहून दिलंय का?

सहाचाकीवर चार-पाच टन जास्त टाकू म्हणालास, ते डोक्यातून काढ. पकडलं की 20,000 रुपये, वर दर जादा टनाला 2,000, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. क्लच, स्प्रिंगच्या कमानी, टायर यांचं बिल त्याच्या नंतर. हां, नवी गाडी घेतोस तर एसी केबिन आहे हे बरं. मे महिन्यात उन्हात उभ्या ट्रकचं स्टिअरिंग धरलेला माणूस त्याला चैन म्हणत नाही.

इतक्यात बुकिंग करू नकोस. शनिवारी ये. परवा काटोलकडे चांगला पाऊस झालाय, पांदण वाळायच्या आत आपण ती पाहू. बागेचं फाटक आणि नाल्यावरचा रपटा, म्हणजे तो ठेंगणा पूल, मोजू. फीत तुझी आण, माझी अर्ध्यात तुटली आहे.

तुझे बाबा