हुमणीचा बंदोबस्त वळवाच्या पावसातच हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडून वाळू लागला की आमच्या वाळवा-पलूस भागात हुमणीची, म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या अळीची, ओरड सुरू होते आणि बुडख्यांशी कीटकनाशकाची आळवणी केली जाते, म्हणजे पाण्यात मिसळलेले औषध मुळाशी ओतले जाते. तोवर बहुतेक अळ्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खादाड अवस्थेत पोचलेल्या असतात आणि एवढ्या वाढलेल्या अळीला औषध सहसा दाद देत नाही. खर्च होतो, ऊस मात्र मुळासकट उपटून हातात येतो.

या किडीचा जीवनक्रम पाहिला तर योग्य वेळ कोणती हे स्पष्ट होते. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला तपकिरी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ, बोरीचा पाला खातात, तिथेच त्यांचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मादी सुमारे ५० ते ६० अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी आधी कुजलेला पालापाचोळा व तंतुमुळे खाते, दोनदा कात टाकते आणि मग उसाच्या मुळांवर तुटून पडते. पुढे ती खोल जाऊन कोषात जाते. कोषातून भुंगेरा तयार झाला तरी तो लगेच वर न येता पुढच्या पावसापर्यंत जमिनीतच पडून राहतो. मुळाशी सापडणारी पांढरी अळी आणि निंबावरचा हा भुंगेरा एकच कीटक आहे, हे आजही अनेक शेतकऱ्यांना ठाऊक नाही, याचे मला फार वाईट वाटते.

हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. म्हणूनच त्या मोजक्या संध्याकाळी फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकले, तर अंडी घातली जाण्याआधीच बंदोबस्त होतो. नदीकाठची हुमणी ही वेगळी जात असून तिचे भुंगेरे मात्र झाडांवर फारसे खात नाहीत, त्यामुळे कृष्णाकाठी हा उपाय पुरेसा नाही. शिवाय भुंगेरे उडत असल्याने एकट्यादुकट्याने करून भागत नाही. सारे शिवार एकाच वेळी उतरले पाहिजे.

आपल्या दैनिकाने ही माहिती मे महिन्यातच ठळकपणे छापावी आणि ग्रामपंचायतींनी पहिल्या पावसाच्या संध्याकाळीच दवंडी द्यावी, ही विनंती.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी,
ता. वाळवा, जि. सांगली