बॅराकुडाला खुनी ठरवून झालं, आता विषाचंही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला 'समुद्रातला थंड डोक्याचा खुनी' हा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं चुकून कथेच्या पानावर आलो की काय. लेखकाची लेखणी जोरदार आहे, त्याबद्दल वाद नाही, रक्त, किंकाळ्या, लाल झालेलं पाणी सगळं जागच्या जागी. फक्त ज्याच्यावर लेख आहे तो बॅराकुडा मासा तेवढा कुठे सापडला नाही.

फोटोत तर नाहीच नाही. तुम्ही जो अर्धं पान भरून छापलाय तो अ‍ॅलिगेटर गार नावाचा मासा आहे हो, उत्तर अमेरिकेतल्या नद्यांमधला. त्या बिचाऱ्याच्या पाठीवर एकच पर आहे, तोही पार शेपटीजवळ, आणि अंगावर चौकोनी टणक खवले. बॅराकुडाच्या पाठीवर दोन पर असतात, एकमेकांपासून चांगले लांब लांब, आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो. पण दात दिसले ना, मग झालं, लावा फोटो.

असो. मला राग फोटोचा नाही आलाय, 'माणूस दिसताच झडप घालतो' या वाक्याचा आलाय, कारण या वाक्याचा प्रसाद मी स्वतः खाल्लेला आहे.

स्कूबा डायव्ह संपवून वर येताना आम्ही पाच मीटरवर दोर धरून थांबलो होतो, नेहमीचा सेफ्टी स्टॉप, आणि बोटीच्या सावलीत एक मोठा बॅराकुडा होता, आमच्यापेक्षा आधीपासूनच असणार. मीटरभर तरी लांब. जागचा हलत नव्हता, फक्त छातीचे पर हळूहळू चाललेले. चंदेरी अंग आणि मागच्या भागात खालच्या बाजूला शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे वेडेवाकडे काळे डाग, त्या डागांवरूनच तो ग्रेट बॅराकुडा हे कळतं. पाठीवर आधी काही नव्हतं, बघता बघता गडद पट्टे उमटले, रंग बदलायची ही त्यांची नेहमीची सवय आहे. तोंड उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय. आता हे बघून कोणालाही वाटेल की हा दात दाखवून धमकी देतोय, पण तो श्वास घेत असतो! एका जागी थांबलेल्या माशाला कल्ल्यांवरून पाणी फिरवायचं तर तोंड हलवावंच लागणार ना.

आमच्या ग्रुपमध्ये एक गृहस्थ होते, त्यांनी असाच कुठलातरी लेख वाचलेला, सकाळपासून बोटीवर सगळ्यांना तेच ऐकवत होते. त्यांनी तो उघडा जबडा बघितला आणि दोर सोडून जे पाय झाडायला सुरुवात केली, त्यांच्या पायातली एक फिन सरळ माझ्या तोंडावर, मास्क निघाला, डोळ्यात खारं पाणी, श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडातून अर्धा बाहेर, आणि ते श्वास रोखून सुसाट वर निघालेले. इन्स्ट्रक्टरने घोटा धरून खाली ओढलं म्हणून निभावलं, कारण पाच मीटरवरून श्वास धरून वर आलात तरी फुप्फुस फाटू शकतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. एवढ्या गोंधळात मासा पुढेही आला नाही आणि पळालाही नाही. मी मास्क साफ करून परत बघितलं तर जागेवरच होता, मग शेपटीचा एक फटका मारला आणि गेला.

आणि कहर पुढेच आहे. बोटीवर चढल्यावर हेच गृहस्थ सगळ्यांना सांगतायत, बॅराकुडाने अटॅक केला म्हणून! आणि पुरावा काय, तर माझं सुजलेलं नाक!! तुमच्या लेखातल्या 'असंख्य हल्ल्यां'मध्ये माझं नाक पण मोजलेलं असणार याची मला आता खात्री वाटायला लागली आहे.

हल्ले होतच नाहीत असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं छापू नका. होतात, पण खात्रीच्या नोंदी फार थोड्या आहेत, आणि बहुतेक वेळा कारणं ठरलेली. बॅराकुडा मुख्यतः डोळ्यांवर शिकार करतो, तुमच्या लेखकाने लिहिलंय तसा मैलभरावरून रक्त हुंगत येत नाही. गढूळ पाण्यात चकाकणारी अंगठी, घड्याळ, साखळी दिसली तर त्याला ती छोट्या चंदेरी माशाची चमक वाटू शकते. दुसरं म्हणजे भाल्याने मारलेला मासा कमरेला लटकवून पोहणारे लोक, आणि तिसरं, हातातून मासे भरवणारे हौशी. म्हणजे त्याला तुमचा मासा हवा असतो, तुम्ही मध्ये येता. तो मागे मागे येतो हे मात्र खरं आहे, बराच वेळ येतो, थोडी भीती वाटते पण तेवढंच.

'मगरीसारखा शक्तिशाली जबडा' हेही असंच फेकलेलं. 2011 मध्ये ग्रेट बॅराकुडाच्या चाव्याचा जोर किती याचा हिशोब संशोधकांनी मांडला होता, तर अंगाच्या मानाने तो कमीच निघाला. काम करतात ते दात, चपटे, धारदार, वेगवेगळ्या लांबीचे, आणि अंगावर येणारा वेग. म्हणून तर मोठ्या माशाचे तो सरळ दोन तुकडे करतो आणि मग परत फिरून ते तुकडे गिळतो. वेगाचंही तेच, लेखात ताशी 100 किमी. पुस्तकांत 40 ते 58 असे आकडे असतात आणि तेही क्षणभराच्या झेपेचे, हा लांब पाठलाग करणारा मासा नाहीच, दबा धरून बसणारा आहे.

आणि 'टोळीने घेरतात' म्हणे. मोठे ग्रेट बॅराकुडा बहुतेक एकेकटेच असतात. शेकड्यांनी गोल फिरणारे जे थवे व्हिडिओत दिसतात ते बहुतांशी दुसऱ्या जातींचे, मलेशियात सिपादान बेटापाशी बॅराकुडा पॉइंट नावाची जागाच त्यासाठी प्रसिद्ध आहे, जगभरातून लोक त्या भोवऱ्याच्या मधोमध जाऊन थांबायला येतात आणि सगळे धडधाकट परत जातात. पिल्लं कुठे वाढतात याबद्दल लेखात चकार शब्द नाही. खारफुटीच्या मुळांमध्ये आणि समुद्री गवतात, उथळ पाण्यात वाढतात. ती तोडली की पुढे काय हे लिहिलं असतं तर पुरवणी विकत घेतल्याचं सार्थक झालं असतं, पण त्यात किंकाळ्या नाहीत ना.

आता मुख्य मुद्दा, जो लेखात एका ओळीनेही नाही. बॅराकुडा माणसाला खाऊन जेवढा त्रास देत नाही त्याच्या कितीतरी पट माणूस बॅराकुडाला खाऊन ओढवून घेतो. सिग्वाटेरा, म्हणजे मासा खाऊन होणारी एक विषबाधा. प्रवाळावर, शेवाळावर गॅम्बियरडिस्कस नावाचे एकपेशीय जीव असतात, त्यांच्यापासून येणारं विष शेवाळ खाणाऱ्या माशांत जातं, त्यांना खाणाऱ्यांत जातं आणि सगळ्यात वरच्या शिकाऱ्यात साठत राहतं. मासा जेवढा मोठा तेवढा धोका जास्त, म्हणजे नेमका मिरवायला पकडलेला मोठा बॅराकुडा. वास नाही, चव नाही, शिजवून जात नाही, बर्फात ठेवून जात नाही, माशाकडे बघून तर अजिबात कळत नाही. आधी उलट्या-जुलाब, मग ओठांना मुंग्या, आणि एक विचित्र प्रकार म्हणजे गार वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागते. काहींना हे महिनोन्महिने पुरतं, आणि यावर ठराविक उतारा नाही. मृत्यू क्वचित होतो, पण ज्याने भोगलंय त्याला विचारा. कॅरिबियन समुद्रात हे नवीन नाही, तिथले जुने कोळीसुद्धा मोठा बॅराकुडा खायला कचरतात. तुमच्या अर्ध्या पानाच्या फोटोच्या जागेत हे सगळं आरामात बसलं असतं.

तरी विनंती एवढीच, फोटोबद्दल खुलासा केला नाही तरी चालेल (गारची माफी मागायला कोणी येणार नाही), पण सिग्वाटेराबद्दल एक चौकट पुढच्या पुरवणीत जरूर द्या, आणि ती त्याच लेखकाकडून लिहून घेऊ नका.

आपला एक नियमित वाचक
(नाव छापू नये, ते गृहस्थही तुमचाच पेपर वाचतात)

ता. क. मागे पाकटावर पत्र पाठवलं होतं तेव्हा जागेअभावी तुम्ही शेवटचा परिच्छेद उडवला, त्यामुळे नांगी लागल्यावर काय करायचं नाही एवढंच छापून आलं आणि काय करायचं ते राहिलं. यावेळी कापायचंच असेल तर वरचं माझ्या नाकाचं कापा. आणि शब्दकोड्याची उत्तरं दुसऱ्या दिवशी येतील असं लिहिता तर दुसऱ्या दिवशी देत चला.