दूरवरच्या सेटिंग्ज न मिळाल्यास ॲप्लिकेशनने काय करावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात तंत्रज्ञानावर जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात ‘सेटिंग्ज कोडबाहेर काढून क्लाउडमध्ये ठेवा’ हा सल्ला अनेकदा वाचायला मिळतो. सल्ला योग्यच आहे. डेटाबेसचा पासवर्ड वॉर फाइलमधल्या (जावा वेब ॲप्लिकेशनच्या तयार गठ्ठ्यातल्या) प्रॉपर्टीज फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, लिहिलेला असला, की तो बदलण्यासाठी सगळे ॲप्लिकेशन पुन्हा बांधून पुन्हा चढवावे लागते. आणि कोडसोबत पासवर्डही गिटमध्ये (कोडच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) जाऊन बसतो, तो वेगळा धोका. हिरोकू या क्लाउड कंपनीच्या अभियंत्यांनी २०११ मध्ये ॲप्लिकेशन्स बांधण्यासाठी मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ तत्त्वांतही कोड आणि सेटिंग्ज वेगळ्या ठेवण्यावर भर होता. मात्र या सल्ल्याचा जो भाग बहुतेक लेखांत सुटतो, त्याविषयी लिहावेसे वाटते: ॲप्लिकेशन सुरू होताना त्या सेटिंग्ज मिळाल्याच नाहीत, तर पुढे काय व्हावे हे आधी कोणी ठरवायचे?

जावाच्या जगात आज बहुसंख्य वेब ॲप्लिकेशन्स स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर (तयार सांगाड्यावर) चालतात, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. नोव्हेंबर २०२० मधल्या २.४ या आवृत्तीपासून दूरच्या सेटिंग्ज आणण्याची रीत बदलली. त्याआधी ‘बूटस्ट्रॅप’ नावाची स्वतंत्र फाइल सर्वांत आधी वाचली जात असे. आता नेहमीच्या प्रॉपर्टीज फाइलमध्येच ‘स्प्रिंग.कॉन्फिग.इम्पोर्ट’ ही ओळ लिहून सेटिंग्ज कुठून आणायच्या ते सांगायचे असते. मध्यवर्ती कॉन्फिग सर्व्हरवरून सेटिंग्ज पुरवणाऱ्या स्प्रिंग क्लाउड कॉन्फिगचा क्लायंट (ॲप्लिकेशनच्या बाजूचा भाग) जोडला आणि ही ओळ लिहिली नाही, तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही आणि पडद्यावर उपाय सुचवणारा संदेश येतो. त्या संदेशातच असेही सांगितलेले असते, की या सेटिंग्ज अत्यावश्यक नसतील तर पत्त्याआधी ‘ऑप्शनल’ हा शब्द लावावा. घाईत असलेला प्रोग्रामर त्यातली अट वाचत नाही. शब्द उचलतो, चिकटवतो, ॲप्लिकेशन सुरू होते आणि काम संपल्यासारखे वाटते.

खरी अडचण इथून सुरू होते. ‘ऑप्शनल’ लिहिल्यामुळे कॉन्फिग सर्व्हर बंद असला, नेटवर्क तुटलेले असले किंवा परवानगीची मुदत संपलेली असली, तरी ॲप्लिकेशन विनातक्रार सुरू होते आणि पॅकेजमध्ये राहून गेलेली जुनी किंवा चाचणीपुरती मूल्ये वापरू लागते. ॲप्लिकेशन ठीक आहे का हे तपासणारा हेल्थ चेक हिरवा दिसतो, सर्व्हरांमध्ये काम वाटणारा लोड बॅलन्सर ग्राहकांना तिकडे पाठवतो, आणि व्यवहार चुकीच्या डेटाबेसकडे किंवा चाचणीच्या पेमेंट सेवेकडे जात असल्याचे बऱ्याच उशिरा कळते. बंद पडलेले ॲप्लिकेशन निदान लगेच लक्षात येते; चुकीच्या सेटिंग्जवर सुरळीत चाललेले येत नाही. म्हणून माझ्या मते ‘ऑप्शनल’ हा शब्द प्रोग्रामरच्या स्वतःच्या संगणकापुरता ठीक आहे, प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर तो अपवादानेच असावा.

याचा अर्थ प्रत्येक वेळी हट्टाने बंद पडावे असाही नाही. गर्दी वाढली म्हणून नवे सर्व्हर आपोआप उभे राहत असतानाच कॉन्फिग सेवा कोलमडली, तर कडक धोरणामुळे त्यांतला एकही उभा राहणार नाही आणि चालू असलेल्यांवरचा ताण वाढत जाईल. स्प्रिंग क्लाउड कॉन्फिगमध्ये पुन्हापुन्हा प्रयत्न करण्याची सोय आहे, पण तिची मूळ मांडणी ६ प्रयत्नांची, १ सेकंदापासून सुरू होऊन दर वेळी १.१ पटीने वाढणाऱ्या थांब्यांची आहे. हे सगळे थांबे मिळून जेमतेम ६ सेकंद भरतात. दोन मिनिटांच्या व्यत्ययातून तग धरायचा असेल, तर हे आकडे स्वतः विचार करून बदलावे लागतात. शेवटची खात्रीशीर प्रत डिस्कवर जपून ठेवून तिच्यावर सुरू होणे हाही एक मार्ग आहे, मात्र तेव्हा ती प्रत किती जुनी आहे हे लॉगमध्ये ठळकपणे नोंदले गेले पाहिजे, आणि त्या प्रतीत पासवर्ड नसावेत.

स्प्रिंग न वापरता सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लिसनरमध्ये (वेब ॲप्लिकेशन सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) स्वतःच यूआरएल उघडून प्रॉपर्टीज वाचणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. जावाच्या यूआरएल कनेक्शनचा टाइमआउट मुळात शून्य असतो आणि शून्य म्हणजे अमर्याद वाट पाहणे. तो ठरवून दिला नाही, तर समोरचा सर्व्हर गप्प राहिल्यास ॲप्लिकेशन सुरूही होत नाही आणि पडतही नाही. दुसरी गोष्ट आपल्या भाषेशी संबंधित आहे: प्रॉपर्टीज फाइल थेट इनपुट स्ट्रीममधून वाचली, तर ती आयएसओ ८८५९-१ या, पश्चिम युरोपीय भाषांपुरत्या अक्षर-संकेतनात आहे असे मानून वाचली जाते आणि तिच्यात सरळ लिहिलेल्या देवनागरी मजकुराचा चुराडा होतो. देवनागरीही सामावणारे यूटीएफ-८ हे संकेतन ठरवून दिलेला रीडर वापरला की हा प्रश्न उरत नाही.

एकच सेटिंग दोन ठिकाणी असेल तर कोणती चालते, या अग्रक्रमाचाही उल्लेख करायला हवा. जुन्या बूटस्ट्रॅप पद्धतीत दूरची सेटिंग मूळ मांडणीनुसार सर्व्हरवरच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर (त्या यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ठेवलेल्या मूल्यावर) मात करत असे. नव्या इम्पोर्ट पद्धतीत नेमके उलटे होते. त्यामुळे आवृत्ती बदलल्यावर, कोणीतरी कधीकाळी ठेवून विसरलेले व्हेरिएबल अचानक वरचढ ठरते आणि क्लाउडमध्ये केलेला बदल का लागू होत नाही याचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू राहतो.

आपल्याकडे या विषयावर लिहिणाऱ्या तज्ज्ञांना माझी विनंती आहे, की सेटिंग्ज क्लाउडमधून कशा आणाव्यात हे सांगताना त्यांनी कॉन्फिग सेवा बंद ठेवून ॲप्लिकेशन सुरू करून पाहण्याची चाचणीही त्याच लेखात, त्याच तपशिलाने द्यावी.

आपला,
जावा प्रणालींवर काम करणारा एक वाचक