ढाल समयास आली नाही

प्रिय अव्या,

बायकोला सगळं सांगून झालं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि "मग त्यात एवढं काय?" म्हणून कुकर लावायला गेली. म्हणलं हे आता अव्यालाच लिहायचं, ज्या माणसाने गॅदरिंगला अंगाला पोतं गुंडाळून घोरपड केलीये त्यालाच हे कळणार. तब्येत बरी आहे, शुगर होती तिथंच आहे, गोळ्या चालू. पुढे.

तर कोंढाण्याच्या लढाईवरच्या, म्हणजे तानाजीच्या पिक्चरचं लिहायचं काम मिळालंय, ते तुला अर्धवट माहितीये. डायरेक्टर तरुण आहे, पोरगा वाईट नाही, वाचलेलं पण आहे बऱ्यापैकी. त्याला पोवाडा नकोय. घाम, चिखल, रक्त, सगळं 'एकदम रॉ' पाहिजे. मला तर ऐकून गुदगुल्याच झाल्या, कारण आपले पिक्चरमधले मावळे लाँड्रीतून आत्ताच आल्यासारखे का दिसतात यावर आपण दोघांनी किती रात्री शिव्या घातल्यात. म्हणून पहिल्याच मीटिंगला मी तानाजीची घोरपड, यशवंती, उडवली.

थांब, लगेच शिव्या देऊ नकोस. एक तर खरी घोरपड आणता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ती पहिल्या परिशिष्टात आहे, आणि कॉम्प्युटरवर चांगली करायची तर त्या पैशात दुसरा पिक्चर होईल. शिवाय ती गोष्ट मुळात तानाजीची तरी कुठाय? घोरपडे घराण्याच्या नावाची कथा हीच, दोनशे वर्षं आधीची, बहामनी काळातली. महमूद गावानची १४७१ च्या आसपासची मोहीम, किल्ला खेळणा म्हणजे आपला विशाळगड, आणि कर्णसिंह घोरपडीला दोर लावून चढला म्हणे. पण एका गोष्टीसाठी जीव हळहळला. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात ती अर्ध्या कड्यावरून माघारी फिरते आणि तानाजी तिलाच दम देतो, की तुला कापून भाकरीबरोबर खाईन. ह्याच्याहून रॉ काय असतं सांग! आपल्या नाटकात बाईंनी हे गाळलं होतं, नाहीतर तू स्टेजवरच रडला असतास.

मग जिजाऊंचा सोंगट्यांचा डाव गेला, उदयभानाच्या अठरा बायका गेल्या, त्याचा चंद्रावळी हत्ती गेला. शाहिराने त्याला पठाण करून टाकलं होतं, मी त्याला परत राजपूत केला, मोगलांचा नोकर, नेमून दिलेला गड सांभाळणारा. निर्माते कासावीस झाले. "अहो सगळंच काढताय, उरलं काय?" मी म्हणलं सभासद उरला, त्याची बखर उरली.

आणि अव्या, सभासदाकडे सगळं आहे रे. मोजक्या ओळी, पण नुसता अ‍ॅक्शन पिक्चर. निवडलेले पाचशे मावळे. त्यातले दोघं वानरासारखे कडा चढतात, वरून माळ, म्हणजे दोराची शिडी सोडतात, मग बाकीचे. कॅमेरामनला चंद्र पाहिजे होता, त्याला सांगितलं, बाबा रे ४ फेब्रुवारी १६७० म्हणजे माघ वद्य नवमी, मध्यरात्र उलटेपर्यंत चंद्रच नाही. तो वैतागला. पण पुढच्याच ओळीत राजपूत हिलाल म्हणजे मशाली आणि चंद्रज्योती पेटवून चालून येतात! म्हणजे मावळे काळोखात आणि उजेड शत्रूच्या हातात. लायटिंग करून दिलंय बखरकाराने, फुकटात. शेवटी मावळे गडावरची पागा पेटवतात आणि तो जाळ महाराज राजगडावरून बघतात. ह्यात काय वाढवायचं आणि कशाला?

तरी मी वाढवलं. आणि तिथंच घोळ आहे.

तानाजीची ढाल तुटते ती जागा आठव. बखरीत एकच छोटं वाक्य आहे, 'दुसरी ढाल समयास आली नाही'. बास. मग तो डाव्या हाताचीच ढाल करतो, त्यावर वार झेलतो, दोघं भिडतात आणि दोघंही पडतात. मला ह्या वाक्याने झोपू दिलं नाही. समयास आली नाही म्हणजे दुसरी ढाल होती ना कुठंतरी? कुणाच्या तरी हातात, कुणीतरी ती घेऊन येत असणार. म्हणून मी एक पोरगं घातलं, सोळा-सतरा वर्षांचं, ना नाव ना आडनाव. त्याचं काम एकच, पाठीवर सुभेदारांची जास्तीची ढाल बांधून चढायचं. चढताना ती कड्याला घासते, वाजते, खालचा माणूस त्याला दातओठ खाऊन शिव्या देतो. वर पोचल्यावर एकच गर्दी, मशाली डोळ्यावर येतायत, सगळेच ओरडतायत, आणि हे पोरगं ढाल छातीशी धरून 'सुभेदार, सुभेदार' करत तिसऱ्याच माणसाच्या मागे धावतंय. सापडेपर्यंत उशीर झालेला. बास, एवढंच. कुणाची चूक नाही, लढाईत होतं असं.

सीन वाचून दाखवला तर खोलीत सगळे गप्प. डायरेक्टरने मिठी मारली. मी हवेत. आणि निर्माते म्हणाले, "हा पोरगा भारी आहे, ह्यालाच फितूर करूया."

अव्या, मी खरंच हसलो, मला वाटलं विनोद केला. विनोद नव्हता. उदयभानाकडून मोहरा घेतो, ढाल मुद्दाम देत नाही, इंटरव्हलच्या आधी एक इशारा, शेवटी तानाजीचा भाऊ सूर्याजी त्याला कड्यावरून फेकतो, थेटरात शिट्ट्या. म्हणे हीरो एका ढालीवाचून मरतो हे पब्लिकला पचत नाही, कुणीतरी पाहिजे. आणि फितुरी म्हणजे रॉ. मी म्हणलं फितूर लागतोच कशाला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले, त्यात हा, तोपर्यंत गड आपलाच होता की, चढणाऱ्यांत त्याच कड्याखाली वाढलेले असणार. (हा माझा अंदाज, पण तुला पटेल.) आणि पुढच्याच महिन्यात, ८ मार्चला, पुरंदरही परत घेतला. म्हणजे माणसं पेटलेली होती, त्यातच फितूर शोधायचा? तर म्हणे सर, डॉक्युमेंटरी नको. डायरेक्टर मोबाईलकडे बघत मान हलवत होता. त्याचा राग जास्त आला.

ह्यात तू मध्येच म्हणशील की तूच तर पोरगं घुसडलंस. हो, घुसडलं, परत घुसडीन. बाळ्याला तानाजी दिला तेव्हापासून तुझी मला असलं बोलायची सवय आहे, आणि तो मॉनिटर होता म्हणून दिला, उंचीमुळे नाही, हे आता तरी मान. मुद्दा वेगळाय. सूर्याजीने दोर कापले हे अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, सभासदात मात्र तो नुसता हिंमत धरून लोकांना सावरतो, दोराचं नावच नाही. म्हणजे नंतरच्या कुणीतरी घातलं आणि तेच खरं झालं. पण त्या घालणाऱ्याने सूर्याजीला मोठंच केलं ना? शाहिरांनी घोरपड घातली, त्यात बदनाम कोण झालं? उदयभान सोड, त्याचं मान्य. आता मी घातलेलं पोरगं दहा वर्षांनी कुणाच्या तरी परीक्षेच्या पेपरात फितूर म्हणून येईल, त्याला एखादं आडनाव चिकटवतील, आणि कुठल्यातरी गावातली खरी माणसं शिव्या खातील. हसू नकोस, आपल्याकडे काय काय होतं तुला माहितीये.

सोमवारी ड्राफ्ट द्यायचाय. एक मन म्हणतं पोरगंच काढावं, नुसता रिकामा हात दाखवावा, ढाल का नाही आली ते सांगूच नये. दुसरं म्हणतं मी काढलं तर ते दुसऱ्याकडून लिहून घेतील आणि तो त्याला नाव-गाव-आडनाव सगळं देईल. काम सोडलं तरी तेच. शिवाय ईएमआय आहेच. पोरग्याला चढतानाच मारावं का? ढालीसकट खाली गेलं की विषय संपला, फितूर करायला माणूसच उरत नाही. पण मग ते 'सुभेदार, सुभेदार' जातं आणि तेवढ्यासाठी तर सगळं लिहिलं होतं. तू सांग. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्याला ताप देत आलायस, एकदा उपयोगी पड.

काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? ठमीने शेवटी आर्किटेक्चरच घेतलं असं कळलं, छान, तुझं न ऐकल्याबद्दल तिला माझ्याकडून शाबासकी. आणि बदलीचं काय, थांबली का?

फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस आणि मी मुद्दा विसरतो. लिहून पाठव, रविवारच्या आत.

तुझा,
नंदू

ता.क. सभासदाची माझी प्रत तुझ्याकडेच आहे. तुझी आहे म्हणू नकोस, आतल्या पानावर माझ्या बाबांची सही आहे, काढून बघ.